भेटी आल्या, सुई राहिली : गडचिरोलीची घरोघरी नवजात सेवा सरकारी कार्यक्रमात जाताना

१९९५-९६ या वर्षात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांवर पहिले २८ दिवस गावातल्याच बायांनी घरी जाऊन नजर ठेवली. वजन घेतलं, ताप मोजला, बाळ अंगावर पितं का, रडतं कसं, हे सगळं लिहून ठेवलं. त्यातल्या ५४ टक्के बाळांना डॉक्टरी उपचारांची गरज पडली. उपचार मिळाले ते २.६ टक्के बाळांना. चाळीस बाळं दगावली.

या पाहणीतून उभं राहिलेलं काम पुढे महाराष्ट्र आणि मग देशभरच्या सरकारी कार्यक्रमाचा पाया झालं. आज गावातली आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते ती याच कामामुळे. पण गडचिरोलीत जे झालं आणि सरकारी कार्यक्रमात जे उतरलं, ते एकच नव्हे. काय उतरलं, काय वाटेत राहिलं आणि का, एवढ्याचीच ही चिकित्सा आहे.

आधी जागा समजून घेऊ. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला ‘सर्च’ ही संस्था काढून तिथे काम सुरू केलं. १९८८ मध्ये त्यांच्या कार्यक्षेत्रात हजार जन्मांमागे १२१ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. पहिला घाव त्यांनी न्यूमोनियावर घातला. गावातल्या दायांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं. एका मिनिटाची वाळूची घडी उलटी करायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. औषध गावातच, पातळ औषधाच्या बाटलीत. १९९० मध्ये या कामाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू हटेनात. त्या काळी त्या गावांत ९५ टक्के बाळंतपणं घरी होत होती. महिन्याच्या आतलं बाळ आजारी पडलं तर त्याला दवाखान्यात नेणं घरच्यांच्या डोक्यातच येत नसे. ओली बाळंतीण घराबाहेर कशी पडणार, एवढंसं बाळ उन्हापावसात कसं न्यायचं, आणि नेलं तरी तिथे नवजात बाळाला हात लावणारं कोण आहे? तिसरा प्रश्न अगदी रास्त होता. ९० च्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणीही नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असणं ही नवलाची गोष्ट होती. २.६ टक्क्यांचा तो आकडा पाहून लोकांचं अज्ञान काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

बाळ दवाखान्यात जात नाही, तर दवाखाना बाळाकडे न्यायचा, असा निर्णय झाला.

आरोग्यदूत काय करत होती

१९९३ ते १९९५ ही दोन वर्षं आधीची स्थिती मोजण्यात गेली. ३९ गावं सेवेची, ४७ गावं तुलनेची. तुलनेच्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालूच होती. सेवेच्या गावांत थोडंफार शिकलेली, गावचीच एक बाई निवडली. तिला पुढे ‘आरोग्यदूत’ हे नाव पडलं. ३९ गावांची लोकसंख्या सुमारे ३९ हजार, म्हणजे एका आरोग्यदूतीच्या वाट्याला ढोबळमानाने हजार माणसं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

तिचं काम बाळंतपणापासूनच सुरू व्हायचं. दाई बाईकडे पाहायची, आरोग्यदूत बाळाकडे. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर काय करायचं हे तिला शिकवलेलं होतं. सुरुवातीला तोंडाने श्वास द्यायचा, मग नळी आणि मास्क आला, नंतर फुग्याची पिशवी आणि मास्क. बाळ जगलं की पुढचा महिनाभर ती ठरलेल्या दिवशी घरी यायची, आणि निरोप आला तर मधल्या दिवशीही.

बाळ कमी वजनाचं असेल तर भेटीतलं बरंचसं काम अगदी साधं असे. झोळी तराजूला अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, बाळाला झोळीत ठेवून तराजू डोळ्यांसमोर धरायचा आणि झोळी हलायची थांबली की आकडा वाचायचा. मग आईच्या कुशीत ऊब, डोक्याला टोपी, अंघोळ पुढे ढकलायची, बाळाला ओढता येत नसेल तर दूध काढून चमच्याने पाजायचं. यातलं काहीही डॉक्टरकीचं नाही, पण पहिल्या आठवड्यात रोजच्या रोज कोणी तरी पाहावं लागतं. थंड पडलेलं बाळ ओढत नाही, न ओढणारं बाळ आणखी थंड पडतं, आणि घरच्यांना ते ‘शांत झोपलंय’ असं वाटतं.

सगळ्यात वादाचा भाग जंतुदोषाचा. रक्तात शिरलेला संसर्ग महिन्याच्या आतल्या बाळात ओळखणं बालरोगतज्ज्ञालाही सोपं जात नाही. सर्चने त्यासाठी आईला दिसतील आणि आरोग्यदूतीला तपासता येतील अशी लक्षणं काढली: आधी नीट रडणारं बाळ क्षीण रडू लागलं किंवा रडायचंच थांबलं, हातपाय ढिले पडले, अंगावर प्यायचं थांबलं, पोट फुगलं किंवा उलट्या, अंग गार किंवा तापलेलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बेंबीत पू. यातली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष धरायचा. आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं. घरचे नाही म्हणाले, आणि बहुतेक जण नाहीच म्हणायचे, तर त्यांची लेखी संमती घेऊन घरीच उपचार सुरू करायचे. तोंडाने कोट्रायमोक्साझोल, आणि मांडीत जेंटामायसिनची सुई, दोन्ही जंतू मारणारी औषधं.

शाळेत थोडंफार शिकलेली गावातली बाई चार दिवसांच्या बाळाला सुई देते, हे ऐकून तेव्हाच्या वैद्यकीय वर्तुळात किती जणांच्या भुवया वर गेल्या असतील याची कल्पना करता येते. पण आकडे असे आहेत. सुई सुरू होण्याआधी जंतुदोष झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती. आरोग्यदूतींनी उपचार केलेल्या ७१ बाळांत हे प्रमाण २.८ टक्के होतं.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने पूर्ण प्रयोगाचे निष्कर्ष छापले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला होता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के होती. ९३ टक्के बाळांपर्यंत सेवा पोचली होती. खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर. सेवा दिलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

आता या घटीची फोड. तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. सर्चने २००५ मध्ये जे विश्लेषण मांडलं त्यानुसार टळलेल्या मृत्यूंचं श्रेय साधारण असं वाटलं जातं: जंतुदोषाचे उपचार ३६ टक्के, कमी वजनाच्या बाळांची काळजी ३४ टक्के, गुदमरलेल्या बाळांना श्वास देणं १९ टक्के, बाकी प्रतिबंध वगैरे. म्हणजे सुई म्हणजेच सगळं, असं म्हणणारे चूक, आणि नुसत्या भेटी व ऊब यांनीच सगळं झालं म्हणणारेही चूक.

सरकारी कार्यक्रमात

मधल्या काळात महाराष्ट्रात २००१ ते २००५ या दरम्यान ‘अंकुर’ या नावाने हेच काम सात ठिकाणी, वेगवेगळ्या संस्थांनी करून पाहिलं. खेडी, आदिवासी भाग आणि शहरी वस्त्या, तिन्ही प्रकारची ठिकाणं त्यात होती. नवजात मृत्यू तिथेही निम्म्याच्या आसपास उतरले. त्यामुळे ‘बंगांच्या गावांत झालं, इतरत्र कसं होईल’ हा आक्षेप बराचसा बोथट झाला.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यासोबत हजार लोकसंख्येमागे एक आशा आली. आशांच्या प्रशिक्षणातले सहावं आणि सातवं पुस्तक मोठ्या प्रमाणात गडचिरोलीच्या अनुभवावर बेतलेलं होतं. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर सहा भेटी, घरचं असेल तर सात. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. भेटींच्या पूर्ण फेरीला आशाला २५० रुपये. पिशवीत तराजू, थर्मामीटर, घड्याळ, ब्लँकेट, चमचा. मण्यांची जागा घड्याळाने घेतली.

पण २०११ चा देश १९९५ चा राहिला नव्हता. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रोख मदत देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणं दवाखान्यात आणली. देशभरात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१९-२१ पर्यंत जवळपास ८९ टक्क्यांवर गेलं. हे चांगलंच झालं, आणि आईच्या दृष्टीने तर त्याला पर्याय नव्हता. गडचिरोलीतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात घरी बाळंत होणाऱ्या सुमारे १५ टक्के बायकांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज पडल्याचं दिसलं होतं. अंगावरून रक्त जाणाऱ्या बाईसाठी, अडलेल्या बाळंतपणासाठी गावपातळीवर करण्यासारखं फार थोडं असतं. बाळाचं तसं नाही, बाळाचं बरंच काही घरी होऊ शकतं. आई आणि बाळ यांना एकाच योजनेच्या फाइलीत बांधताना हा फरक धोरणात पुसट होत गेला, असं माझं मत आहे.

तर आता ती फोड पुन्हा घेऊ आणि एकेका कारणाचं पुढे काय झालं ते पाहू.

गुदमरलेलं बाळ प्रसूतिकक्षात गेलं. नर्सेसना बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण २००९ पासून देशपातळीवर सुरू झालं. म्हणजे आरोग्यदूतीच्या हातातली पिशवी आणि मास्क नर्सच्या हातात गेले. काम हललं, पण सुटलं नाही.

कमी वजनाचं बाळ आशाच्या भेटीत आलं. ऊब, अंगावर पाजणं, वजन हे सगळं तिच्या पुस्तकात आहे. फार लहान किंवा आजारी बाळांसाठी जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात शिशु कक्ष उभे राहिले. भेटी खरोखर झाल्या, तिने बाळ उघडून पाहिलं, तर हा भाग बऱ्यापैकी टिकला म्हणायचा.

जंतुदोष मात्र मधल्या मध्ये अडकला. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बाळ साधारण दोन दिवसांत घरी येतं. बेंबीचा, फुप्फुसाचा, रक्तातला संसर्ग पुष्कळदा त्यानंतरच डोकं वर काढतो. त्या वेळी बाळ घरी असतं, आणि समोर आशा असते. ती लक्षणं ओळखायला शिकलेली आहे. पण तिच्या पिशवीत जेंटामायसिन नाही. तिने ‘संदर्भित’ करायचं, म्हणजे वरच्या दवाखान्यात पाठवायचं.

आता इथे कोणी म्हणेल की रस्ते झाले, १०८ आली, लोक बाळाला दवाखान्यात नेऊ लागले, मग सुई कशाला? ठाणे-पुण्याच्या आसपास हे म्हणणं खरं आहे. पण ज्या जिल्ह्यातून हे काम सुरू झालं त्याच जिल्ह्यात, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्याचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत बाळाने दूध सोडलं तर त्याला ‘संदर्भित’ करणं म्हणजे कागदावर एक खूण करणं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने सूचना काढली की बाळाला वर पाठवणं शक्य नसेल किंवा घरचे तयार नसतील, तर एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सने (गावच्या भाषेत सिस्टर), जेंटामायसिनची सुई द्यावी. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही रुग्णालयात नेणं शक्य नसलेल्या बाळांना बाहेरच उपचार देण्याची सोपी पद्धत मांडली. म्हणजे गडचिरोलीत १९९६ च्या सुमारास झालेलं काम तत्त्वतः मान्य झालं, फक्त सुई एक पायरी वर ठेवली गेली. आशाऐवजी सिस्टर.

ही एक पायरीच सगळी अडचण आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, आणि हे तीन हजार लोक दाट वस्तीत नसतात, टोल्याटोल्यांत, म्हणजे छोट्या पाड्यांत, विखुरलेले असतात. सिस्टरला लसीकरणाचं सत्र आहे, बैठका आहेत, रजिस्टरं आहेत. आठ-दहा किलोमीटरवरच्या टोल्यावर एका बाळासाठी सात दिवस रोज सुई द्यायला ती कशी जाणार? नेपाळच्या मोरंग जिल्ह्यात असाच प्रयोग झाला. गावातली स्वयंसेविका लक्षणं ओळखून तोंडाचं औषध लगेच सुरू करायची आणि सुई जवळच्या केंद्रातला कर्मचारी द्यायचा. तिथेही सारं त्या केंद्राच्या अंतरावर अवलंबून होतं.

पाहणारं कोण होतं

सुईच्या वादात दुसरी गोष्ट झाकली जाते, आणि मला ती सुईइतकीच मोठी वाटते. आरोग्यदूत एकटी नव्हती. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन तिच्या नोंदी तपासायचा, बाळं पाहायचा. शिवाय जन्म-मृत्यूंची नोंद तिच्या एकटीवर सोडलेली नव्हती. दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून वेगळी मोजणी व्हायची आणि दोन्ही ताडून पाहिल्या जायच्या. त्यामुळे बाळ गेलं तर ते लपायला जागा नव्हती, आणि लपवण्याचं कारणही नव्हतं.

आशाच्या २५० रुपयांच्या अटी पाहा. जन्माचं वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं हवं, बीसीजी आणि पोलिओ-त्रिगुणीचा पहिला डोस झालेला हवा, जन्माची नोंद झालेली हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप हवीत. शेवटची अट कुणी आणि का घातली असेल हे समजू शकतं. हेतू चांगला असणार. पण तिचा अर्थ असा होतो की बाळ गेलं तर तिने केलेल्या भेटींचे पैसे धोक्यात. जिथे मृत्यूची खरी नोंद मिळणं ही सगळ्या कार्यक्रमाची पूर्वअट आहे, तिथे नोंद करणारीच्या मेहनतान्याला मृत्यू आड येतो. कागदावर ही एकच ओळ आहे, पण मला तिच्याइतकी उलटी ओळ त्या सूचनांत दुसरी दिसत नाही.

आणि ते हजार. आरोग्यदूतीकडे हजार माणसं होती आणि आशाकडेही तितकीच. पण आरोग्यदूतीकडे मुख्य काम एकच होतं. आशाकडे लसीकरण, कुटुंब नियोजन, क्षयरोगाचं औषध, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, आणि साथ आली की ती साथ. ‘तितक्याच लोकसंख्येत तेच काम’ असं म्हणताना हा भाग हमखास गाळला जातो.

सरकारी यंत्रणेत हे काम उतरवताना परिणाम किती पातळ होतो याचा चांगला पुरावा हरियाणातला आहे. फरीदाबाद जिल्ह्यातल्या १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी नऊंच्या क्षेत्रात नवजात भेटी आणि आजारी बाळांवरचे उपचार नेहमीच्या सरकारी कर्मचाऱ्यांकडून करून घेतले गेले, बाकीची नऊ तुलनेसाठी ठेवली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्यूतली एकूण घट ९ टक्क्यांच्या आसपास, तीही संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारी. घरी जन्मलेल्या बाळांत मात्र २० टक्के. म्हणजे जिथे दवाखाना आधीच पोचला होता तिथे भेटींनी फार काही बदललं नाही, जिथे तो पोचला नव्हता तिथे बदललं. हा निकाल गडचिरोलीच्या विरोधात वाचला जातो. मला तो गडचिरोलीचा पत्ता सांगणारा वाटतो: हे काम कुठे करायचं ते त्यातून कळतं.

दरम्यान देशाचा नवजात मृत्युदर २००५ मध्ये हजारी ३७ होता, २०२० मध्ये २० झाला. महाराष्ट्राचा २०२० चा आकडा ११ आहे. यात आशाच्या भेटींचा वाटा किती, दवाखान्यातल्या बाळंतपणाचा किती, शिशु कक्षांचा किती, हे नेमकं वेगळं काढणं अवघड आहे, आणि जो तो आपल्या योजनेच्या खात्यावर सगळं जमा करतो. राज्याचा ११ हा आकडा मुंबई-पुण्यासह काढलेला आहे, एवढं मात्र भामरागड, एटापल्ली किंवा मेळघाटातल्या धारणीसारख्या दुर्गम तालुक्यांचा विचार करताना विसरू नये.

माझ्या मते राज्याने सगळीकडे एकच नियम लावायचा हट्ट सोडावा. जिथून सुईपर्यंत दोन तासांत पोचता येतं तिथे आजची व्यवस्थाच बरी, आशाने ओळखावं आणि पाठवावं. जिथे पावसाळ्यात रस्ता बंद होतो, अशा गावांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जून लागण्याआधी तयार असतेच, गरोदर बायांना आधीच हलवायची म्हणून ती करावी लागते. त्याच यादीतल्या गावांच्या आशांना वेगळं प्रशिक्षण, वेगळं मानधन, पंधरा दिवसांनी तपासणी आणि पिशवीत जेंटामायसिन. बेचाळीस दिवसांची ती अट त्यांच्यासाठी आधी काढायची. मग एका पावसाळ्याच्या शेवटी तीनच गोष्टी मोजायच्या: किती बाळांत दोन लक्षणं एकत्र दिसली, त्यातल्या कितींना पहिली सुई त्याच दिवशी मिळाली, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्या घरापासून सिस्टर त्या दिवशी किती लांब होती.